मूल ‘रुळलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे बघा’ तेवढे गाळलेत, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.)

आज सुरुवात एका शब्दापासून करू. शब्द आहे ‘रुळणं’.

जून महिना, बालवाडीचं फाटक, पहिला दिवस. आत एक अडीच-तीन वर्षांचं पोर गळा काढून रडतंय आणि बाहेर आईचाही चेहरा उतरलेला. बाई हसून म्हणतात, “तुम्ही जा हो, तुम्ही दिसलात की जास्त रडतो. दोन दिवस रडेल, मग रुळेल.” आणि खरंच तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडणं थांबतं. मग आपण घरी फोन करून सांगतो, “रुळला बाई एकदाचा!”

आता प्रश्न असा, की रडणं थांबलं म्हणजे मुलाला बरं वाटायला लागलं, हे आपल्याला कुणी सांगितलं? मुलाने तर सांगितलेलं नाही, त्याला तेवढे शब्दच नाहीत. आपल्याला दिसतं ते त्याचं वागणं, आणि त्या वागण्याचा अर्थ आपण लावतो. कधी बरोबर लावतो, कधी पार उलटा.

असा उलटा अर्थ एका अख्ख्या देशाने, तोही शिकलेल्या आणि प्रामाणिक डॉक्टर-नर्सनी, कितीतरी वर्षं लावला होता. ही चूक दाखवून देणारा माणूस डॉक्टर नव्हता, प्राध्यापकही नव्हता. आजची गोष्ट त्याची आहे आणि एका अडीच वर्षांच्या मुलीची. गोष्ट इंग्लंडची आहे, पण ऐकताना आपलं घर आठवल्याशिवाय राहणार नाही.

रविवारी दोन ते चार

दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झालीत, अशा वेळच्या लंडनमध्ये जाऊ. तुमचं मूल आजारी पडलंय, रुग्णालयात भरती करायचंय. तुम्ही त्याला वॉर्डाच्या दारापर्यंत नेता, नर्स त्याला तुमच्या हातातून घेते आणि दार बंद होतं. पुढची भेट कधी?

1949 मध्ये लंडनच्या मोठ्या रुग्णालयांच्या भेटीच्या वेळा एका साप्ताहिकात छापून आल्या होत्या. गाय्ज हॉस्पिटल: फक्त रविवारी, दुपारी दोन ते चार. सेंट टॉमस: पहिला महिनाभर भेट नाहीच, मात्र संध्याकाळी सात ते आठ या वेळात आईबापांनी झोपलेलं मूल बघून जायला हरकत नाही. आणखी एका ठिकाणी तीन वर्षांखालच्या मुलांना भेटायची परवानगीच नव्हती, काचेआडून बघायचं. झोपलेलं मूल बघून जायचं, म्हणजे आईला मूल दिसेल पण मुलाला आई दिसता कामा नये. नियमाचा हेतू तोच होता.

हे लोक दुष्ट होते का? अजिबात नाही. दोन कारणं होती आणि दोन्ही त्या काळात पटण्यासारखी होती. पहिलं संसर्गाचं. घटसर्प, गोवर, स्कार्लेट फीव्हर असे रोग वॉर्डात शिरले की एकामागून एक पोरं जायची, आणि पेनिसिलिन सर्रास मिळायला लागलं ते चाळीसच्या दशकात. बाहेरून येणारा प्रत्येक माणूस म्हणजे धोका, असं समीकरण नर्सिंगच्या शिक्षणातच मुरलेलं होतं.

दुसरं कारण आपल्या आजच्या विषयाचं आहे. नर्स रोज डोळ्यांनी बघत होत्या की मूल आलं की रडतं, दोन-चार दिवसांनी गप्प होतं. मग रविवारी आई येते, मूल परत आकांत करतं आणि आई गेल्यावर तासन्‌तास हुंदके देत राहतं. म्हणजे काय? म्हणजे मूल चांगलं रुळलं होतं आणि आईने येऊन घोळ घातला. आई येण्यानेच मुलाला त्रास होतो, तेव्हा भेटी जितक्या कमी तितकं मुलाचं भलं. बालवाडीच्या फाटकावरचं ते वाक्य आठवतंय ना? तेच तर्कशास्त्र.

शिवाय त्या काळाची हवाच तशी होती. 1928 मध्ये जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बालसंगोपनावर पुस्तक लिहिलं, त्यात मुलांना मिठ्या मारू नका, पापे घेऊ नका, सकाळी फार तर हात मिळवा, असा सल्ला होता. तान्ह्याला घड्याळ बघून पाजायचं, मधे रडलं तर रडू द्यायचं, हे सुशिक्षित घरांमधलं ‘शास्त्रीय’ संगोपन होतं.

अपवाद होते. न्यूकॅसलला जेम्स स्पेन्स नावाचे बालरोगतज्ज्ञ 1920 च्या दशकापासूनच आयांना बाळांसोबत रुग्णालयात ठेवून घ्यायचे. पण अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

बॉयलर सांभाळणारा माणूस

आता आपला नायक. जेम्स रॉबर्टसन, जन्म 1911, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळच्या एका कामगार कुटुंबातला. तरुणपणी पोलादाच्या कारखान्यात नोकरी. युद्ध आलं तेव्हा लंडनमध्ये हॅम्पस्टेडला, बॉम्बहल्ल्यांमुळे घरापासून दुरावलेल्या लहान मुलांसाठी एक पाळणाघर सुरू झालं होतं. ते चालवत होत्या सिग्मंड फ्रॉइड यांच्या कन्या अ‍ॅना फ्रॉइड. रॉबर्टसनची बायको जॉइस तिथे मुलांची काळजी घ्यायला शिकत होती, आणि 1941 मध्ये रॉबर्टसनही तिथे लागला. काम काय, तर बॉयलर बघायचा, मोडलेलं दुरुस्त करायचं.

अ‍ॅना फ्रॉइड यांचा एक नियम होता. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो की बॉयलरवाला, मुलांमध्ये जे दिसलं ते कार्डावर लिहून द्यायचं. जे दिसलं ते, मत नाही. ‘आज हट्टीपणा केला’ असं नाही. काय केलं, कधी केलं, त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, असं.

मला या सगळ्या गोष्टीतली ही जागा फार महत्त्वाची वाटते. आपण मुलांविषयी बोलताना बहुतेक वेळा निकालच सांगतो. ‘हट्टी आहे’, ‘रडूबाई आहे’, ‘नाटकं करतो’, ‘लाडावलाय’. यातला एकही शब्द मुलाने काय केलं हे सांगत नाही, आपल्याला काय वाटलं ते सांगतो. रॉबर्टसन नेमकी हीच सवय मोडायला शिकला.

युद्धानंतर तो रीतसर मनोरुग्णसेवेतला समाजसेवक झाला आणि 1948 मध्ये टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी या मनोविकारतज्ज्ञाकडे कामाला लागला. बोल्बी म्हणजे अगदी दुसरं टोक. वडील नामांकित सर्जन, ‘सर’ किताबवाले. घरच्या रीतीप्रमाणे मुलांना दाईने वाढवलेलं, आईची भेट दिवसातून ठरावीक वेळ. बोल्बींना जीव लावणारी दाई ते चारेक वर्षांचे असताना काम सोडून गेली आणि ती ताटातूट ते म्हातारपणीही विसरले नव्हते.

1939 मध्ये बॉम्बच्या भीतीने इंग्लंडमधल्या शहरांतून अवघ्या काही दिवसांत सुमारे 15 लाख लोक खेड्यांत हलवले गेले, त्यात बहुतांश मुलं. पाच वर्षांखालच्या मुलांना आईशिवाय पाठवणं धोक्याचं आहे, असं पत्र बोल्बींनी दोन सहकाऱ्यांसह तेव्हाच डॉक्टरांच्या नियतकालिकात लिहिलं होतं. पुढे 1944 मध्ये त्यांनी चोरी करणाऱ्या 44 मुलांचा अभ्यास छापला. त्यातली 14 मुलं अशी होती की त्यांना कुणाविषयीच माया वाटत नव्हती, आणि त्या 14 पैकी 12 जणांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झालेली होती.

पण हे सगळं मागे वळून बघणं झालं. ताटातूट होत असताना मूल काय करतं, हे जवळ बसून कुणी पाहिलंच नव्हतं. बोल्बींनी रॉबर्टसनला तेच सांगितलं: जा आणि बघ.

तीन पायऱ्या

रॉबर्टसन लंडनच्या एका रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात जाऊन बसायला लागला. नंतर क्षयरोगाच्या मुलांच्या रुग्णालयांतही गेला, जिथे मुलं महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षं असत. तो बघत राहिला आणि लिहीत राहिला. हळूहळू त्याच्या नोंदींतून तीन पायऱ्या दिसायला लागल्या.

पहिली पायरी आकांताची. मूल रडतं, कठडा हलवतं, दाराकडे बघत राहतं, जवळ येणाऱ्या नर्सला झिडकारतं. म्हणजे आई परत येईल ही आशा अजून शाबूत आहे.

दुसरी पायरी निराशेची. रडणं कमी होतं, मधेच मुसमुसणं. मूल एका जागी बसून राहतं, खेळत नाही, मागत नाही. आणि वॉर्डाच्या नोंदवहीत याच दिवशी लिहिलं जातं: ‘मूल रुळत आहे.’

तिसरी पायरी सगळ्यात फसवी. मूल परत हसायला लागतं, खातं, नर्सकडे जातं. आई आली तर तिच्या पिशवीत खाऊ काय आहे इकडे लक्ष, आईकडे नाही. आई गेली तरी रडत नाही. बघणाऱ्याला वाटतं, किती शहाणं पोर! रॉबर्टसनच्या मते हे शहाणपण नव्हतं. परत परत दुखावल्यावर मुलाने आईविषयीची ओढच आत कुठेतरी कोंडून टाकली होती. आधी त्याने या पायरीला ‘नाकारणं’ म्हटलं, पुढे बोल्बींच्या लिखाणात तिला ‘अलिप्तता’ असं नाव पडलं.

आता परत त्या रविवारच्या भेटीकडे बघा. मूल आईला बघून रडतंय, कारण दाबून ठेवलेलं दुःख बाहेर पडायला त्याला आता माणूस मिळालं. आईमुळे दुःख निर्माण झालं नव्हतं, ते तिच्यामुळे फक्त दिसलं. नर्स जे बघत होत्या ते शंभर टक्के खरं होतं. अर्थ तेवढा उलटा होता.

दिवसभर ऑफिसात असलेल्या आई-बाबांना हा अनुभव नवा नसेल. “आजीकडे दिवसभर इतका शहाण्यासारखा असतो आणि तू आलीस की लगेच किरकिर सुरू!” हे ऐकून मनात खट्टू झालेली आई मी पाहिलीय. ती किरकिर तक्रार नसते हो. बऱ्याचदा ती दिवसभर जपून ठेवलेली ठेव असते, जिथे विश्वास आहे तिथेच उघडली जाते.

लॉरा

रॉबर्टसनने दोन-तीन वर्षं डॉक्टरांना हे सांगून पाहिलं. उत्तर ठरलेलं: आमच्या वॉर्डात असं नाही, आमची मुलं आनंदात असतात. शब्दांनी काम होणार नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ठरवलं, चित्रपट काढायचा. याआधी त्याने कधी कॅमेरा हातात धरला नव्हता.

साल 1951. मुलगी कोण निवडायची? आपणच रडकी मुलगी निवडली असा आरोप नको, म्हणून रुग्णालयाच्या प्रतीक्षायादीतून कुठलीही निवड न करता एक नाव काढलं. ती निघाली लॉरा. वय दोन वर्षं पाच महिने, बेंबीच्या हर्नियाची छोटी शस्त्रक्रिया, मुक्काम आठ दिवस. चित्रण कधी करायचं? आपण नेमकी रडण्याचीच वेळ गाठली असंही कुणी म्हणू नये, म्हणून रोज ठरलेल्या वेळेलाच, आणि चौकटीत भिंतीवरचं घड्याळ दिसेल असं.

आणि गंमत बघा. लॉरा रडणारी मुलगी नव्हतीच! वयाच्या मानाने फारच समजूतदार, स्वतःला आवरणारी. रॉबर्टसनला क्षणभर वाटलं असेल, आता दाखवायचं काय? पण कॅमेरा जवळ होता, आणि जवळून बघितल्यावर जे दिसलं ते मोठ्या रडण्यापेक्षा जास्त बोलकं ठरलं. चेहऱ्याचे स्नायू ताणून हुंदका गिळणारी मुलगी. घरून आणलेलं टेडी आणि जुनं पांघरूण घट्ट धरून बसलेली. मधेच, कुणी विचारलं नसताना, हळू आवाजात आई कुठे आहे म्हणून विचारणारी. आई भेटायला आली की पहिल्यांदा धावत जाणारी नव्हे, तर तोंड फिरवणारी. आईला तिच्याशी जुळवून घ्यायला वेळ लागायचा, आणि जुळतंय तोवर निघायची वेळ व्हायची.

शेवटच्या दिवशी घरी जाताना तिने आपलं सगळं सामान गोळा केलं, काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही. मात्र आईने पुढे केलेला हात धरला नाही.

बाहेरून बघणाऱ्या वॉर्डातल्या कुणालाही विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, लॉरा? छान राहिली की. काहीच त्रास दिला नाही.

काही महिन्यांनी एक प्रसंग घडला. लॉराच्या घरच्यांना हा चित्रपट दाखवला जात होता आणि लॉराच्या तो दृष्टीस पडला. दिवे लागले तेव्हा ती रागाने आईकडे वळली आणि इतका वेळ तू होतीस कुठे, असं तिने विचारलं. मग रडायला लागली आणि समजूत काढून घ्यायला आईकडे नाही, बाबांकडे गेली. आठ दिवसांचा तो प्रश्न तिने महिनोन्‌महिने मनात ठेवला होता. या काळात घरच्यांना वाटत असणार, विसरली पोर.

हा आमच्यावर आळ आहे

नोव्हेंबर 1952 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये चित्रपट दाखवला गेला. सभागृह खवळलं. हा रुग्णालयांवर आळ आहे, ही मुलगीच वेगळी आहे, चित्रण पक्षपाती आहे, चित्रपट मागे घ्या! ज्यांनी आयुष्यभर मुलांचे जीव वाचवले होते त्यांना कुणीतरी सांगत होतं की तुमच्या डोळ्यांसमोर मुलं झुरत होती. राग येणं साहजिक होतं.

काही मनोविश्लेषकांनी तर तिसराच सूर लावला: लॉराची आई गरोदर आहे ना, म्हणून मुलगी अस्वस्थ आहे, त्याचा ताटातुटीशी संबंध नाही. म्हणजे मनाचे जाणकारही समोरचं मूल सोडून आपल्या सिद्धांताकडेच बघत होते.

पण त्या रागावलेल्यांमध्ये एक होते डॉ. डरमॉड मॅकार्थी, लंडनजवळच्या अ‍ॅमर्शमचे बालरोगतज्ज्ञ. तेही चिडूनच घरी गेले. मात्र दुसऱ्या दिवशी आपल्या वॉर्डात शिरल्यावर त्यांना तेच दिसायला लागलं जे चित्रपटात होतं. वॉर्ड तोच, मुलं तीच, बघणारे डोळे बदलले. त्यांनी आणि त्यांच्या वॉर्डाच्या प्रमुख नर्स आयव्ही मॉरिस यांनी आयांना मुलांसोबत राहू द्यायला सुरुवात केली. 1958 मध्ये रॉबर्टसनने तिथेच दुसरा चित्रपट काढला, आईसोबत रुग्णालयात राहिलेल्या मुलीचा.

1959 मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीचा अहवाल आला. शिफारस स्पष्ट होती: मुलांना भेटायला वेळेचं बंधन नको आणि लहान मुलांच्या आयांना शक्य तिथे सोबत राहू द्यावं. आता झालं काम, असं वाटेल. पण अहवाल फायलीत गेला आणि वॉर्डाचे दरवाजे बंदच राहिले. तेव्हा 1961 मध्ये रॉबर्टसनने वर्तमानपत्रात लेख लिहिले, दूरदर्शनवर चित्रपटाचे भाग दाखवले आणि थेट आईबापांना हाक दिली. पत्रांचा पाऊस पडला. त्याच वर्षी लंडनच्या बॅटर्सी भागातल्या काही आयांनी संघटना काढली, ती पुढे देशभर पसरली. दार उघडलं ते अहवालाने कमी आणि आयांच्या रेट्याने जास्त.

आपल्याकडे बघितलं तर एक विचित्र गोष्ट दिसते. आपल्या सरकारी रुग्णालयांत मुलाच्या खाटेजवळ आई बसलेली असते, रात्री खाटेखाली चटई टाकून झोपते, घरून डबा येतो. हे कुठल्या मानसशास्त्रातून आलेलं नाही. नर्स कमी, कामं जास्त, म्हणून ‘पेशंटजवळ एक नातेवाईक’ लागतोच. इंग्लंडमध्ये ज्यासाठी चळवळ करावी लागली ते आपल्याकडे अडचणीतून आपोआप राहिलं. अशा काही गोष्टी ‘मागासलेपणा’ म्हणून काढून टाकण्याआधी दोनदा विचार करावा, एवढंच.

शांत मुलाचं धडधडणारं काळीज

गोष्ट इथे संपत नाही. रॉबर्टसनच्या नोंदी वाचून भारावलेली एक संशोधक त्याच टॅव्हिस्टॉकमध्ये होती, मेरी एन्सवर्थ. पुढे ती युगांडात गेली आणि तिथल्या खेड्यांत घरोघरी जाऊन आया आणि बाळं बघत बसली. रॉबर्टसनसारखंच, आधी बघायचं. नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला तिने एक प्रयोग बसवला. वर्षाच्या आसपासचं मूल, अनोळखी खोली, खेळणी. आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. सगळं मिळून वीसेक मिनिटांचा मामला. बघायचं मुख्यतः हे, की आई परत आल्यावर मूल काय करतं.

बरीच मुलं आई गेल्यावर रडली, ती परत आल्यावर तिला बिलगली, शांत झाली आणि पुन्हा खेळायला लागली. काही बिलगूनही शांत होईनात. आणि काही मुलं मात्र आई गेली तरी खेळत राहिली, आली तरी खेळत राहिली. मान वर करून बघायचं नाही. आपल्याकडे अशा मुलाला काय म्हणतील? “किती गुणी आहे! कुणाकडेही राहतो.”

1977 मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजल्याचं प्रसिद्ध झालं. वरून शांत दिसणाऱ्या या मुलांचे ठोकेही वाढलेलेच होते. रडणाऱ्या मुलाइतकीच घालमेल आत चालू होती. फक्त ती बाहेर दाखवून उपयोग नाही, हे ती वर्षभरात शिकली होती.

आणि 1991 मध्ये लंडनला पीटर फोनागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी गरोदर बायकांना त्यांच्या स्वतःच्या बालपणाविषयी विचारलं आणि मूल वर्षाचं झाल्यावर त्याचं आईशी नातं कसं आहे ते पाहिलं. दिसलं असं, की बालपण सुखाचं होतं की दुःखाचं, एवढ्यावर सगळं ठरत नव्हतं. आपल्या आईवडिलांच्या वागण्यामागे त्यांचं काय मन असेल, याचा विचार ज्या बायका करू शकत होत्या, त्यांच्या मुलांचं नातं भक्कम असण्याची शक्यता जास्त होती. वागण्यामागचं मन बघण्याची ही सवयच मुलापर्यंत पोचत होती.

आईच्या माथी खापर नको

इथे थोडं थांबू, कारण या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. बोल्बींनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला आणि त्याचा वापर पुढे आयांना घरी बसवायला झाला. नोकरी करतेस? मग मुलाचं वाटोळं! 1972 मध्ये मायकल रटर या मनोविकारतज्ज्ञाने या सगळ्याची नीट फेरतपासणी केली. त्यांनी दाखवलं की ताटातूट, घरातली भांडणं, प्रेमाची नाती मुळात जुळलीच नसणं, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, सगळ्यांना एकाच टोपलीत टाकू नका.

रॉबर्टसन दांपत्यानेही याचं उत्तर करून दाखवलं. साठच्या दशकाच्या शेवटी, आई बाळंतपणासाठी रुग्णालयात गेलेल्या चार मुलांना त्यांनी काही दिवस स्वतःच्या घरी सांभाळलं. आधी ओळख करून घेतली, घरची खेळणी-पांघरुणं आणली, आईविषयी रोज बोलले, आईचा फोटो समोर ठेवला. या मुलांना त्रास झाला, पण ती कोसळली नाहीत. त्याच सुमारास जॉन नावाचा 17 महिन्यांचा मुलगा एका निवासी पाळणाघरात नऊ दिवस होता. तिथल्या मुली प्रेमळ होत्या, पण पाळी बदलली की माणूस बदलायचं. जॉन एकेकीजवळ जाऊन बघायचा, शेवटी त्याने माणसांचा नाद सोडला आणि एका मोठ्या टेडीत तोंड खुपसून पडून राहायला लागला. घरी आल्यावर त्याने आईबाबांनाही झिडकारलं.

म्हणजे आई क्षणभरही दूर नको, असं नाही. मुलाला आपलं माणूस लागतं, एक किंवा मोजकी, आणि तीच. आजी, आजोबा, आत्या, पाळणाघरातल्या मावशी, बाबा, कुणीही. ज्या घरात असं माणूस टिकून आहे, तिथे आईने अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

मग घरी काय करायचं?

मी समुपदेशक नाही, इतिहास सांगणारा माणूस आहे. पण या गोष्टीतून मला चार साध्या गोष्टी मिळाल्या, त्या सांगतो.

एक, गुपचूप सटकू नका. मूल खेळात रमलंय तोवर मागच्या दाराने निघून जायचं, हा आपला जुना घरगुती उपाय. रडणं वाचतं खरं, पण मूल शिकतं की आई कधीही नाहीशी होऊ शकते. सांगून जा, रडलं तरी सांगून जा, आणि म्हटल्याप्रमाणे परत या.

दोन, निकाल देण्याआधी नोंद घ्या. ‘हट्टीपणा करतोय’ असं वाटलं की मनातल्या मनात अ‍ॅना फ्रॉइड यांचं कार्ड भरा: काय केलं, कधी, त्याआधी काय झालं होतं? निम्म्या वेळा तिथेच उत्तर सापडतं. भूक, झोप, नवं बाळ, बदललेली शाळा, किंवा घरात दोन दिवस कुणीच नीट बोललेलं नसणं.

तीन, तोंड फिरवलं तर थांबा. गावाहून परत आल्यावर मूल जवळ येत नाही म्हणून “बघ, मला विसरला” असं थट्टेतही म्हणू नका. लॉरा विसरली नव्हती. जवळ बसा, वाट बघा. “मी नव्हते तेव्हा तुला राग आला का?” असं विचारता येतं. उत्तर आलं नाही तरी चालेल, प्रश्न पोचतो.

चार, आणि हे सगळ्यात अवघड: त्रास न देणाऱ्या मुलाकडेही बघा. रडणारं मूल आपलं लक्ष वेधून घेतंच. गप्प बसणारं, सगळं ऐकणारं, कुणाकडेही राहणारं मूल खरंच मजेत असेल, बहुतेक वेळा असतंच. पण एकदा जवळ बसून खात्री करून घ्यायला काय हरकत आहे?

बालवाडीतलं प्रत्येक गप्प झालेलं मूल दुःखात आहे, असं मी म्हणत नाही. बाई प्रेमळ असल्या, आई रोज बारा वाजता फाटकावर दिसली, की मुलं खरोखर रुळतात, मैत्री करतात, दुपारी घरी येऊन गाणी म्हणून दाखवतात. दोन्हींत फरक कसा ओळखायचा? खरं रुळलेलं मूल खेळतं, भांडतं, मागतं, आणि आई दिसली की धावत येतं. नुसतं थांबलेलं मूल फक्त रडायचं थांबलेलं असतं.

तेव्हा या जूनमध्ये फाटकावर कुणी म्हणालं, “रुळला हो तुमचा,” तर आनंद जरूर माना. आणि घरी आल्यावर त्याला जरा मांडीवर घेऊन विचारा, आज काय काय झालं?

आज इथेच थांबतो. तुमच्या लहानपणी ‘रुळण्याची’ अशी एखादी आठवण असेल, रुग्णालयातली, वसतिगृहातली, मामाच्या गावची, तर नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर, नमस्कार.